दाराआड कोण होतं?

मार्च २०१४. प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात एक दरवाजा आणून उभा केला होता. शौचालयाचा, लाकडी. त्याला गोळ्यांची चार भोकं पडलेली आणि क्रिकेटच्या बॅटने फोडलेल्या फळ्या पुन्हा जागच्या जागी बसवलेल्या. पोलिसांचा न्यायवैद्यक तज्ज्ञ बॅट हातात घेऊन, मध्येच गुडघ्यांवर बसून, फटका कुठल्या उंचीवरून बसला असेल ते न्यायाधीशांना दाखवत होता. फटका मारणाऱ्याला गुडघ्याखाली पाय नव्हते. त्या वेळी त्याने कृत्रिम पाय चढवले होते की नव्हते, यावर बराच खल झाला.

तो माणूस म्हणजे ऑस्कर पिस्टोरियस. जन्म १९८६, जोहान्सबर्ग. दोन्ही पायांत पोटरीचं बाहेरचं हाड जन्मतःच नव्हतं, म्हणून अकरा महिन्यांचा असताना पाय गुडघ्याखाली कापावे लागले. पुढे कार्बन फायबरच्या वाकड्या पात्यांवर तो धावायला लागला आणि जगाने त्याचं नाव ‘ब्लेड रनर’ ठेवलं. २००४ च्या अथेन्स पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण, २००८ च्या बीजिंगमध्ये १००, २०० आणि ४०० मीटर अशी तीन सुवर्णपदकं. पण त्याला धडधाकट धावपटूंच्या रांगेत उभं राहायचं होतं. पात्यांमुळे त्याला अवाजवी फायदा मिळतो, असं म्हणून आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने जानेवारी २००८ मध्ये त्याच्यावर बंदी घातली. तो क्रीडा लवादाकडे गेला आणि मे महिन्यात जिंकला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो ४०० मीटरच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचला. ती शर्यत संपल्यावर ग्रेनाडाच्या किरानी जेम्सने स्वतःहून पुढे होऊन त्याच्याशी छातीवरच्या नावाच्या पट्टीची अदलाबदल केली. त्या वर्षी ‘टाइम’ साप्ताहिकाच्या शंभर प्रभावशाली व्यक्तींच्या यादीत त्याचं नाव होतं.

सहा महिन्यांनी, १४ फेब्रुवारी २०१३ च्या पहाटे तीन ते चारच्या दरम्यान, प्रिटोरियातल्या आपल्या बंदिस्त वसाहतीतल्या घरात त्याने ९ मिलिमीटर पिस्तुलातून शौचालयाच्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या. आत रीव्हा स्टीनकॅम्प होती. वय २९, कायद्याची पदवीधर, मॉडेल, त्याची प्रेयसी. तीन गोळ्या तिला लागल्या.

पिस्टोरियसचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच: चोर शिरला असं वाटलं. रात्री बाथरूमच्या खिडकीचा आवाज आला, कृत्रिम पाय चढवलेले नव्हते, घाबरलो, रीव्हा पलंगावर आहे अशा समजुतीने गोळ्या झाडल्या. सरकारी पक्ष म्हणत होता, दोघांचं भांडण झालं, ती जीव वाचवायला आत शिरली आणि त्याने जाणूनबुजून तिला मारलं.

ओ. जे. सिम्पसनच्या खटल्याची आठवण तेव्हा सगळ्यांनाच झाली. तोही मोठा खेळाडू, तिथेही टीव्हीचे कॅमेरे, तिथेही देश दोन तटांत वाटलेला. पण लॉस एंजेलिसच्या त्या खटल्यात प्रश्न होता तो खून केला कुणी, आणि ज्युरीने १९९५ मध्ये सिम्पसनला निर्दोष सोडल्यावर तो प्रश्न लोकांच्या मनात तसाच राहिला. प्रिटोरियात गोळ्या कुणी झाडल्या याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. प्रश्न होता गोळ्या झाडणाऱ्याच्या डोक्यात त्या क्षणी काय होतं हा. त्यामुळे हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना जास्त शिकवून जातो, आणि बहुतेक प्रेक्षकांच्या हातून त्याचा गाभा निसटला तोही याचमुळे.

सुरुवातच गोंधळाची झाली. जामिनाच्या सुनावणीत मुख्य तपास अधिकारी हिल्टन बोथा याला बचाव पक्षाने उलटतपासणीत पार उघडं पाडलं. घटनास्थळी बुटांवर आवरणं न घालता फिरल्याचं त्याने कबूल केलं. त्याच सुमारास बाहेर आलं की, २०११ साली एका मिनीबसवर गोळीबार केल्याच्या प्रकरणात खुद्द त्याच्यावरच खुनाच्या प्रयत्नाचे आरोप आहेत. त्याला तपासावरून काढलं गेलं. पोलिसांचा पहारा असताना घरातून एक महागडं घड्याळ नाहीसं झालं, हेही पुढे साक्षीत आलं. दंडाधिकारी डेस्मंड नायर यांनी दहा लाख रँडच्या जामिनावर आरोपीला सोडलं. प्रायोजकांची त्रेधा उडाली ती वेगळीच. नायकेच्या एका जाहिरातीत पिस्टोरियस स्वतःला बंदुकीतली गोळी म्हणवत होता. ती जाहिरात घाईघाईने उतरवावी लागली.

खटला ३ मार्च २०१४ रोजी उभा राहिला. त्याआधी काही दिवस न्यायाधीश डन्स्टन म्लाम्बो यांनी एक निर्णय देऊन ठेवला होता, ज्याचे परिणाम खटल्यापेक्षाही लांब गेले. माध्यमांनी प्रक्षेपणाची परवानगी मागितली होती, आरोपीचा विरोध होता. म्लाम्बो यांनी मधला मार्ग काढला. संपूर्ण खटल्याचा आवाज प्रसारित करता येईल. वकिलांचे युक्तिवाद, निकाल आणि राजी असलेल्या साक्षीदारांच्या साक्षी कॅमेऱ्यावर दाखवता येतील. पण आरोपी साक्ष देईल तेव्हा फक्त आवाज. न्यायालयाचं काम सामान्य माणसाला, विशेषतः गरिबाला, डोळ्यांनी पाहता आलं पाहिजे, असा त्यांचा विचार होता.

डीएसटीव्ही या उपग्रह वाहिनी सेवेने खटल्यासाठी चोवीस तासांची स्वतंत्र वाहिनीच काढली, क्रमांक १९९. आणि पहिल्याच साक्षीत घोळ झाला. साक्षीदार बाईंनी चेहरा दाखवायला नकार दिलेला असताना एका वाहिनीने त्यांचा जुना फोटो पडद्यावर टाकला. न्यायाधीशांनी तिथल्या तिथे कान उपटले. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष सुरू झाली तेव्हा तिचं प्रक्षेपण आणि थेट ट्विट करणंही बंद ठेवण्यात आलं. त्या साक्षीच्या वेळी आरोपी पिंजऱ्यात ओकत होता, शेजारी बादली ठेवावी लागली. एरवी खटला वार्ताहरांच्या ट्विटमधून मिनिटामिनिटाला बाहेर जात होता. बचावाचे वकील बॅरी रू यांची साक्षीदाराला ‘माझं तुम्हाला असं म्हणणं आहे’ असं खेचून विचारण्याची लकब इतकी पसरली की, लोकांनी तिच्यावर विनोद आणि गाणी रचली. सरकारी वकील गेरी नेल यांना तर ‘पिट बुल’ हे नाव आधीपासूनच होतं. त्यांनी आरोपीला पाच दिवस उलटतपासणीत धरून ठेवलं. बचाव पक्षाच्या एका तज्ज्ञाने खोलीत किती उजेड होता हे कुठल्या उपकरणाने मोजलं असं विचारल्यावर, स्वतःच्या डोळ्यांनी, असं उत्तर दिलं आणि त्या रात्री देशभर त्याची खिल्ली उडाली.

या गलबल्यात सर्वांत शांत होत्या त्या न्यायाधीश थोकोझिले मासिपा. सोवेटोत वाढलेल्या. आधी समाजसेविका, मग गुन्हेवार्ता लिहिणाऱ्या पत्रकार. वर्णद्वेषी राजवटीत एका निदर्शनात त्यांना अटकही झाली होती. नंतर कायदा शिकल्या आणि १९९८ मध्ये उच्च न्यायालयावर नेमल्या गेलेल्या पहिल्या मोजक्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी एक ठरल्या. दक्षिण आफ्रिकेत ज्युरी १९६९ मध्येच रद्द झाली. वर्णद्वेषी समाजात नऊ गोरे पुरुष काळ्या आरोपीला काय न्याय देणार, हे सांगायला नको. आता न्यायाधीशासोबत दोन सहायक बसतात. वस्तुस्थिती काय होती यावर त्यांचं मत न्यायाधीशाच्या बरोबरीचं, पण कायदा काय म्हणतो हे एकट्या न्यायाधीशाने ठरवायचं.

आणि हाच सगळा पेच होता. वस्तुस्थिती कुठे संपते आणि कायदा कुठे सुरू होतो?

दक्षिण आफ्रिकेचा फौजदारी कायदा रोमन-डच परंपरेतून आला आहे. माणसाचा जीव घेणाऱ्याच्या मनाच्या तो पायऱ्या पाडतो. सर्वांत वर थेट इरादा: मला हा मरायला हवा होता आणि मी मारला. त्याखालची पायरी लॅटिन नावाची, ‘डोलस इव्हेंच्युॲलिस’. यात कुणाला मारायचंच असा निश्चय नसतो. पण आपण जे करतोय त्यातून कुणी मरू शकेल हे माणसाला दिसतं, तरीही ‘मेला तर मेला’ अशा वृत्तीने तो पुढे जातो. कायदा यालाही खूनच म्हणतो. त्याच्याही खाली निष्काळजीपणा: आरोपीला स्वतःला धोका दिसलाच नाही, पण त्याच्या जागी शहाणासुरता माणूस असता तर त्याला दिसला असता. याचं तिकडचं नाव ‘कल्पेबल होमिसाइड’. आपल्याकडच्या सदोष मनुष्यवधाशी त्याची गल्लत करू नये. आपल्याकडे त्याला इरादा किंवा जाणीव लागते, तिकडचा हा गुन्हा आपल्या निष्काळजीपणाने घडवलेल्या मृत्यूला जवळचा आहे.

मासिपा यांनी ११ आणि १२ सप्टेंबर २०१४ असे दोन दिवस निकाल वाचला. भांडणाची आणि पूर्वनियोजित खुनाची कहाणी शंकेपलीकडे सिद्ध झाली नाही, असं त्यांनी ठरवलं. शेजाऱ्यांनी ऐकलेल्या किंकाळ्या बाईच्या की पुरुषाच्या, गोळ्यांचा आवाज कुठला आणि बॅटचा कुठला, यात एकवाक्यता नव्हती. रीव्हाने त्याला पाठवलेल्या एका मोबाइल संदेशात, कधीकधी तुझी भीती वाटते, असं तिने लिहिलं होतं. प्रेमाचे संदेशही ढीगभर होते. त्यावरून कुठलाच निष्कर्ष निघत नाही, असं न्यायाधीशांचं मत पडलं. इथपर्यंत त्यांच्याशी वाद घालता येतो, पण चूक म्हणता येत नाही. अडचण पुढच्या पायरीवर आली. आरोपी साक्षीदार म्हणून लटपटणारा होता हे त्यांनीच नोंदवलं. तरीही रीव्हा शय्यागृहात आहे अशी त्याची खरोखर समजूत होती, म्हणून दाराआडच्या व्यक्तीचा, रीव्हाचा तर नाहीच नाही, मृत्यू होईल असं त्याच्या मनात आलं नसावं, असं त्यांनी म्हटलं. सुरक्षारक्षकांना फोन करता आला असता, गच्चीत जाऊन हाका मारता आल्या असत्या. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. तेव्हा निष्काळजीपणा. शिक्षा पाच वर्षं.

निकालानंतर मासिपा यांच्यावर समाजमाध्यमांतून विखारी टीका झाली, त्यांना संरक्षण द्यावं लागलं. त्यातली बरीचशी टीका त्या बाई आणि काळ्या होत्या म्हणून झाली, हे उघड आहे. पण कायद्याच्या प्राध्यापकांनी काढलेली खोट वेगळी होती आणि खरी होती.

समजा, दाराआड खरोखरच चोर असता. मग? चिंचोळ्या शौचालयात अडकलेल्या, ज्याने अजून काहीही केलेलं नाही अशा माणसावर दारातून एकामागून एक चार गोळ्या झाडल्या तर तो मरू शकतो, हे कळायला किती वेळ लागतो? आत रीव्हा आहे की आणखी कुणी, हा प्रश्न प्रेमकथेच्या दृष्टीने सगळं काही आहे. खुनाच्या कायद्याच्या दृष्टीने त्याला फारशी किंमत नाही. आपल्या भारतीय दंड संहितेतही कलम ३०१ याच धाटणीचं होतं: एकाला मारायला गेला आणि दुसराच मेला, म्हणून गुन्ह्याचं स्वरूप बदलत नाही. नव्या न्याय संहितेनेही ते तत्त्व कायम ठेवलं आहे.

सरकार पक्षाला अपील करताना एक अडसर होता. तिथे वस्तुस्थितीच्या निष्कर्षावर सरकारला अपील करता येत नाही, फक्त कायद्याच्या मुद्द्यावर करता येतं. नेल यांनी नेमका तोच मुद्दा उचलला. ब्लूमफाँटेन इथल्या सर्वोच्च अपील न्यायालयात पाच न्यायाधीशांनी ३ डिसेंबर २०१५ रोजी एकमताने निकाल फिरवला. न्यायमूर्ती एरिक लीच यांनी साधं उदाहरण दिलं: गर्दीत बॉम्ब फोडणाऱ्याला कोण मरणार हे माहीत नसतं, पण म्हणून तो खुनी ठरत नाही असं नाही. दाराआड कुणीतरी माणूस आहे हे पिस्टोरियसला ठाऊक होतं. त्याची ओळख अप्रस्तुत होती. इतकं लहान शौचालय, लपायला जागा नाही, ही गोळ्यांच्या तज्ज्ञाची साक्ष खालच्या न्यायालयाने विचारातच घेतली नाही, हीसुद्धा कायद्याचीच चूक. स्वसंरक्षणाचा समज असल्याचा बचावही टिकला नाही, कारण आपण गोळ्या का झाडल्या याचं आरोपीने दिलेलं स्पष्टीकरण दर वेळी निराळं होतं. कधी घाबरून, कधी विचार न करता, कधी चुकून.

ओळख अप्रस्तुत ठरली तरी हा न दिसलेला चोर कोण होता, हे विचारण्यासारखं आहे. गुन्हेगारी कादंबऱ्या लिहिणाऱ्या मार्गी ऑर्फर्ड यांनी खटला चालू असतानाच ते विचारलं. उंच भिंती, विजेचं कुंपण, पहारेकरी असलेल्या वसाहतीत राहणाऱ्या गोऱ्या माणसाच्या कल्पनेतला दरोडेखोर काळाच असतो, आणि तो दारात आला म्हणून गोळी झाडली तर सगळ्यांना ते समजण्यासारखं वाटतं, असा त्यांच्या लेखाचा रोख होता. दक्षिण आफ्रिकेत घरफोड्या आणि सशस्त्र दरोडे खरोखरच भरपूर होतात, भीती हवेतली नाही. पण संपूर्ण बचाव त्या काल्पनिक माणसाच्या खांद्यावर उभा होता, आणि त्याच्या जिवाला किती मोल आहे हे आधी एक काळ्या न्यायाधीश बाई आणि मग अपील न्यायालय ठरवत होतं. हा या खटल्याचा सर्वांत विलक्षण भाग. टीव्हीवर तो क्वचितच दिसला.

खरी मेलेली बाई मात्र बराच काळ फोटोपुरतीच राहिली. मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी लंडनच्या ‘द सन’ने पहिल्या पानावर तिचं बिकिनीतलं छायाचित्र छापलं आणि शिव्या खाल्ल्या. तिने भाग घेतलेला टीव्हीवरचा एक रिॲलिटी शो ठरल्याप्रमाणे दोन दिवसांनी सुरूही झाला. १४ फेब्रुवारीलाच ती जोहान्सबर्गच्या एका शाळेत स्त्रियांवरील अत्याचारांविषयी बोलणार होती, हे नंतर लोकांना कळलं. दोन आठवड्यांपूर्वीच ब्रेडास्डॉर्प गावात १७ वर्षांच्या ॲनेन बॉयसेनवर बलात्कार करून तिला मारलं गेलं होतं, आणि देश हादरला होता. दक्षिण आफ्रिकेच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार २००९ साली तिथे दर आठ तासांना एक स्त्री आपल्याच जोडीदाराच्या हातून मरत होती. तेव्हाच्या सत्ताधारी एएनसी पक्षाच्या महिला आघाडीच्या कार्यकर्त्या हिरव्या पोशाखात रोज न्यायालयात येऊन बसत त्या यासाठीच.

पिस्टोरियसच्या अपंगत्वाचं काय झालं, हेही पाहण्यासारखं आहे. मी कुणापेक्षा कमी नाही, हे सिद्ध करायला जो माणूस लवादापर्यंत गेला, त्याचा बचाव आता, मी इतरांपेक्षा असहाय आहे, यावर उभा होता. जून २०१६ मध्ये शिक्षेच्या सुनावणीत रू यांच्या सांगण्यावरून त्याने कृत्रिम पाय काढले आणि भर न्यायालयात खुंटांवर, टेबलाचा आधार घेत चालून दाखवलं. त्यात खोटं काही नव्हतं. पात्यांवर वाऱ्याच्या वेगाने धावणारा माणूस रात्री पलंगावरून उतरताना तोल सांभाळत असतो. अपंग माणूस म्हणजे एक तर पराक्रमी वीर नाहीतर बिचारा, या दोन साच्यांपलीकडे पाहायची सवयच नसलेल्या प्रेक्षकांनी मात्र आपापल्या सोयीचा साचा उचलला. दुसऱ्या बाजूला रीव्हाचे वडील बॅरी स्टीनकॅम्प यांनी न्यायाधीशांना विनंती केली, की तिच्या जखमांची छायाचित्रं लोकांना पाहू द्या.

खुनाला तिथे किमान पंधरा वर्षांची शिक्षा आहे. सबळ कारण असेल तरच न्यायाधीशाला ती कमी करता येते. मासिपा यांनी अशी कारणं मानून सहा वर्षं दिली. सरकार पुन्हा अपिलात गेलं आणि २४ नोव्हेंबर २०१७ रोजी अपील न्यायालयाने पंधरा वर्षांतून आधी भोगलेला काळ वजा करून तेरा वर्षं पाच महिने ठरवले. मार्च २०२३ मध्ये पॅरोलचा अर्ज फेटाळला गेला, कारण शिक्षा कधीपासून मोजायची याचाच हिशेब चुकला होता. तो दुरुस्त झाल्यावर ५ जानेवारी २०२४ रोजी पिस्टोरियस तुरुंगाबाहेर आला. दारू नाही, मुलाखती नाहीत, रागावर ताबा ठेवण्याचे आणि स्त्रियांवरील हिंसेविषयीचे वर्ग सक्तीचे, अशा अटींवर. त्याची शिक्षा डिसेंबर २०२९ मध्ये संपेल. बॅरी स्टीनकॅम्प यांनी २०२२ मध्ये त्याला समोरासमोर भेटून काय घडलं ते विचारलं होतं. पॅरोल मंजूर होण्याच्या दोन महिने आधी ते वारले.

म्लाम्बो यांचा निर्णय मात्र पिस्टोरियससोबत तुरुंगात गेला नाही. वेस्टर्न केपमध्ये आई, वडील आणि भाऊ यांच्या खुनाचा आरोप असलेल्या हेन्री व्हॅन ब्रेडाच्या खटल्यात कॅमेरे आणायचे की नाही, हा वाद जून २०१७ मध्ये अपील न्यायालयापुढे आला. प्रक्षेपणाला एका खटल्यापुरती खास परवानगी द्यायची, हा जुना दृष्टिकोन न्यायालयाने सोडून दिला. न्यायालयाचं काम उघड चालतं, कॅमेरा हा त्या उघडेपणाचाच भाग. ज्याला तो नको असेल त्याने आपलं खरोखर काय नुकसान होईल ते दाखवायचं, आणि कुठला साक्षीदार दाखवायचा, कुठला नाही, हे प्रत्येक खटल्यात न्यायाधीशाने ठरवायचं. व्हॅन ब्रेडा मे २०१८ मध्ये दोषी ठरला, तेव्हा तो निकाल टीव्हीवर थेट दिसत होता.